हात किती लांब, पंजा केवढा?

लाकूड उचलणाऱ्या क्रेनच्या माहितीपत्रकावर सगळ्यांत मोठ्या टायपात छापलेला असतो तिच्या कमाल उचलशक्तीचा आकडा. क्रेन घेणाऱ्याने सगळ्यांत शेवटी बघावा असा आकडाही तोच. ती ताकद मिळते क्रेनच्या बुडाशी, हात पुरता आखडलेला असताना. जंगलातले ओंडके तिथे पडलेले नसतात. ते असतात सहा-आठ मीटर लांब, दोन उभ्या झाडांच्या मधे, निम्मे फांद्यांच्या ढिगाखाली आणि बऱ्याचदा उताराच्या खालच्या अंगाला. तिथवर पोचल्यावर क्रेनमध्ये किती बळ उरतं, यावर तिची किंमत वसूल होणार की नाही ते ठरतं.

हा प्रश्न रोजच्या व्यवहाराचा आहे तो स्वीडन आणि फिनलंडमध्ये. स्वीडनची जवळपास ७० टक्के जमीन जंगलाखाली आहे, फिनलंडची सुमारे ७५ टक्के. आपल्याकडे जंगल म्हटलं की वनखातं डोळ्यांसमोर येतं. तिथे जंगलाचा मोठा हिस्सा खासगी मालकीचा आहे. स्वीडनमध्ये तो सुमारे निम्मा. शेताला लागून चाळीस-पन्नास हेक्टर पाइन आणि स्प्रूस, गोठ्यात ट्रॅक्टर आणि हिवाळ्यात शेतीला सुट्टी, असं आयुष्य जगणारे हजारो लोक दक्षिण स्वीडनच्या स्मोलांड भागात आहेत. त्यांची ‘सॉद्रा’ ही सहकारी संस्था १९३८ पासून काम करते आणि तिचे सभासद ५० हजारांच्या आसपास आहेत. सहकारी साखर कारखान्याचे सभासद असलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे चित्र परकं वाटू नये. फरक इतकाच की तिथलं पीक हाती यायला साठ ते शंभर वर्षं लागतात.

कामाची पद्धत आधी समजून घ्यायला हवी. झाड जिथे पाडलं तिथेच त्याच्या फांद्या छाटून ठरावीक लांबीचे तुकडे केले जातात, साधारण तीन ते साडेपाच-सहा मीटरचे. करवतगिरणीचे जाड ओंडके वेगळे, कागद कारखान्याचे बारीक वेगळे. मग येतो फॉरवर्डर. मधोमध सांधा असलेलं, सहा किंवा आठ चाकांचं हे यंत्र. पुढे केबिन, मागे लोखंडी खुंट्यांमधली ओंडक्यांची जागा आणि दोहोंच्या मधे क्रेन. तो ओंडके जमिनीवरून फरफटत नेत नाही. उचलून, अंगावर लादून रस्त्याच्या कडेला आणून रचतो. जमीन कमी उकरली जाते आणि लाकडाला मातीही लागत नाही. ठेकेदार असा खास फॉरवर्डर घेतात. छोटा जंगलमालक ट्रॅक्टरमागे क्रेन बसवलेला ट्रेलर जोडून तेच काम लहान प्रमाणात करतो.

या यंत्राचा बहुतेक वेळ चालण्यात जात असेल असं वाटतं. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक वेळ क्रेन हलवण्यात जातो: उचल, फिरव, ठेव, परत जा. बारा टनांची एक खेप भरायची आणि पंजात दर वेळी सरासरी तीनशे किलो लाकूड येत असेल, तर फक्त भरण्यासाठी चाळीस फेऱ्या. प्रत्येक फेरीत पाच सेकंद वाचले तरी एका खेपेमागे तीन मिनिटांहून जास्त वाचतात आणि दिवसाला दहा खेपा धरल्या तर अर्धा तास. ठेकेदाराचा नफा-तोटा या अर्ध्या तासात असतो. म्हणून इंजिनाच्या अश्वशक्तीवर तासन्‌तास चर्चा करणाऱ्या ग्राहकाने क्रेनवर त्याहून जास्त वेळ घालवायला हवा.

शंभर वर्षांपूर्वी हे काम घोडे करत. बर्फ पडला की घसरगाड्यांवर ओंडके लादायचे, गोठलेल्या नदीकाठी आणून टाकायचे आणि वसंतात बर्फ वितळलं की पाण्यात सोडून द्यायचे. स्वीडनमध्ये नदीतून ओंडके वाहून नेण्याची ही रीत क्लारएल्वन नदीवर थेट १९९१ पर्यंत टिकली होती. पण घसरगाडीवर ओंडका चढवायचा कोणी? माणसांनीच, दांड्यांनी रेटून. पाठी मोडायच्या त्या इथे.

या कष्टातून सुटका करणारी मोठी कल्पना एका स्की बनवणाऱ्याची. उत्तर स्वीडनमधल्या हुडिक्सवाल गावचा एरिक सुंडिन स्कीचा कारखाना चालवायचा. ट्रक उभा असताना त्याचं इंजिन नुसतंच रिकामं असतं, मग त्याच इंजिनाच्या जोरावर तेल दाबून माल का उचलू नये, असा त्याचा विचार. १९४४ मध्ये त्याने ‘हायड्रॉलिस्का इंडस्ट्री’ ही कंपनी काढली आणि १९४७ मध्ये ट्रकवर बसवलेली हायड्रॉलिक क्रेन बाजारात आणली. कंपनीच्या आद्याक्षरांतून झालेलं ‘हियाब’ हे नाव आज जगभरच्या ट्रकांवर दिसतं. १९६०च्या दशकात ही कल्पना ट्रकवरून उतरून थेट जंगलात शिरली.

फिनलंडची गोष्ट आणखी मातीतली. विएरेमा गावचा एइनारी विदग्रेन हा स्वतः लाकूड वाहून नेणारा ठेकेदार. बाजारातली यंत्रं खडकाळ जंगलात सारखी मोडायची. वैतागून त्याने गावातल्या वर्कशॉपमध्ये स्वतःचं यंत्र वेल्डिंग करून उभं केलं आणि १९७० मध्ये ‘पोन्से’ ही कंपनी सुरू झाली. पोन्से हे गावात फिरणाऱ्या एका मिश्र जातीच्या शिकारी कुत्र्याचं नाव. याच कंपनीचा सगळ्यांत मोठा फॉरवर्डर आज २० टनांचा भार वाहतो आणि त्याचं नाव ‘एलिफंट किंग’. महाराष्ट्राच्या वाचकाला इथे गडचिरोलीतलं कमलापूर आठवेल. तिथले हत्ती आज पर्यटक बघायला जातात, पण ते आणले गेले होते आलापल्लीच्या जंगलातले सागाचे ओंडके ओढण्यासाठी.

उत्तर स्वीडनमधलं विंडेल्न हे आणखी एक गाव ध्यानात ठेवण्याजोगं. वस्ती काही हजारांची. पण क्रानाबच्या क्रेन तिथल्या, पंजा गोल फिरवणारे इंडेक्सेटरचे रोटेटर तिथले आणि विमेकचे छोटे फॉरवर्डरही तिथलेच. जंगलाच्या पोटात राहणाऱ्यांनी जंगलाची अवजारं घडवली, त्यामुळे त्यांतले बारकावे कागदावरून आलेले नाहीत.

आता आकड्यांकडे.

क्रेनची ताकद नुसत्या किलोंत सांगून भागत नाही, कारण तिच्यात अंतर गुणलेलं असतं. भरलेली बादली छातीशी धरून उभं राहता येतं. तीच हात लांब करून धरली की मिनिटभरात खांदा थरथरतो. म्हणून क्रेनची उचलशक्ती किलोन्यूटन-मीटरमध्ये किंवा टन-मीटरमध्ये देतात. एक टन-मीटर म्हणजे साधारण ९.८ किलोन्यूटन-मीटर. ट्रॅक्टर-ट्रेलरवरची एखादी क्रेन चार मीटरवर १,००० किलो उचलत असेल, तर साडेसहा मीटरवर, हात पूर्ण लांबवल्यावर, तिच्यात ५५० किलोंच्या आसपास बळ उरेल.

आता त्या ५५० किलोंतून काय काय वजा होतं ते पाहू. बऱ्याच माहितीपत्रकांत हा आकडा पंजा आणि रोटेटर न धरता दिलेला असतो. ते दोन्ही मिळून शंभर-सव्वाशे किलो सहज भरतात. उरले ४३० किलो. पाच मीटर लांब, ३० सेंटिमीटर व्यासाचा स्प्रूसचा ताजा ओंडका घेतला तर त्याचं आकारमान सुमारे ०.३५ घनमीटर. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला ८५० किलो धरलं तर तो ओंडका ३०० किलोंचा. उचलला जाईल. पण त्याच झाडाचा बुंध्याकडचा तुकडा ४० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर? आकारमान ०.६३ घनमीटर, वजन ५३० किलोंच्या पुढे. क्रेन तो साडेसहा मीटरवरून उचलू शकणार नाही. जाडी फक्त दहा सेंटिमीटरने वाढली आणि वजन पावणेदोनपटीहून जास्त झालं. क्रेन निवडण्याआधी स्वतःच्या जंगलातल्या सगळ्यांत जाड बुंध्याला टेप लावून यायला हवं, ते या हिशोबासाठी.

अनुभवी चालक अशा वेळी ओंडका लांबूनच उचलायला जात नाही. एका टोकाला धरून तो आधी जवळ ओढतो आणि चार मीटरच्या आत आल्यावर उचलतो. विरळणीच्या दाट जंगलात मात्र असं ओढताना बाजूच्या उभ्या झाडांची साल सोलली जाते. स्प्रूसच्या जखमेतून बुरशी शिरते आणि सगळ्यांत मोलाचा, खालचा बुंधा आतून कुजू लागतो. पन्नास वर्षांनी करवतगिरणीत जायचं लाकूड अशा एका ओरखड्याने जळणाच्या भावात जातं. त्यामुळे लांबवर थोडी जास्त ताकद असणं ही चैन ठरत नाही.

आणखी एक गोम. उचलशक्तीचे ‘ढोबळ’ आणि ‘निव्वळ’ असे दोन आकडे असतात. ढोबळ आकड्यात क्रेनच्या स्वतःच्या लोखंडी हाताला उचलायला लागणारी शक्तीही मोजलेली असते. निव्वळ म्हणजे ते वजा जाता भारासाठी उरणारी. दोन कंपन्यांच्या क्रेनची तुलना करताना एकीचा ढोबळ आणि दुसरीचा निव्वळ आकडा शेजारी मांडला तर ग्राहक हमखास फसतो. विक्रेत्याला सरळ विचारावं: हात पूर्ण लांब, पंजा आणि रोटेटर लावलेले, अशा स्थितीत लाकूड किती उचलेल? याचं नेमकं उत्तर जो देत नाही, त्याच्याकडून क्रेन घेऊ नये.

मग हात लांब असलेलाच बरा, असं वाटेल. तेही सरसकट खरं नाही. फॉरवर्डरच्या क्रेनची लांबी साधारण सात ते दहा मीटर असते आणि ती ठरते यंत्र ज्या वाटेवरून जातं त्या वाटांवरून. स्वीडन-फिनलंडमध्ये विरळणी करताना चार मीटर रुंदीच्या समांतर वाटा मोकळ्या करतात, दोन वाटांमध्ये सुमारे वीस मीटरचं अंतर ठेवून. वाटेच्या मध्यावर उभ्या असलेल्या यंत्राला दोन्हीकडे दहा-दहा मीटर हात पोचला की मधली सगळी पट्टी आटोक्यात येते. दहा मीटरची क्रेन लोकप्रिय झाली ती या गणितामुळे. जिथे एका वेळी सगळं परिपक्व जंगल तोडायचं असतं तिथे हे बंधन नाही; यंत्र ओंडक्याच्या जवळ जाऊ शकतं. तिथे आखूड पण दणकट क्रेन जास्त माल हलवते. हाताला एक टेलिस्कोपिक टप्पा वाढवला की टोकाशी लोखंडाचं वजन वाढतं, आणि तितकं लाकूड कमी होतं.

ज्या आकड्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, तो आहे वळणशक्तीचा. क्रेन खांबाभोवती फिरते ती दातेरी दांडा आणि दातेरी चाक यांच्या जोडीने. दांडा पुढे-मागे ढकलणारे सिलिंडर दोन किंवा चार असतात. सपाट जमिनीवर फिरायला फारसं बळ लागत नाही. पण जंगल सपाट नसतं. यंत्र दहा अंश कललं की भार खालच्या बाजूकडून वरच्या बाजूला नेताना, वाटेत एका टप्प्यावर, भार गुणिले अंतर या गुणाकाराचा साधारण सहावा हिस्सा क्रेनला उलट ओढत असतो. वरच्याच उदाहरणात पंजासकट ५५० किलो साडेसहा मीटरवर आहेत. म्हणजे सुमारे ३५ किलोन्यूटन-मीटर, आणि त्याचा सहावा हिस्सा जवळपास ६. त्यात क्रेनच्या हाताचं स्वतःचं वजन मिळवा. या वर्गातल्या अनेक साध्या क्रेनची वळणशक्ती ८ ते १० किलोन्यूटन-मीटरच्या घरात असते. दिसायला पुरेशी, पण बर्फावर एक चाक खड्ड्यात गेलं की क्रेन ओंडका उचलते आणि मधेच अडून राहते. चालक मग झोका देऊन भार पुढे ढकलायला बघतो आणि त्यात दातेरी चाकाचे दात झिजतात. मध्यम आणि मोठ्या फॉरवर्डरच्या क्रेनमध्ये हीच शक्ती २० ते ४० किलोन्यूटन-मीटर असते, कारण ठेकेदाराला जमीन निवडता येत नाही. उताराच्या जंगलात काम करायचं असेल तर उचलशक्ती थोडी कमी घेऊन चार सिलिंडरची, जास्त वळणशक्तीची क्रेन घ्यावी. हा सौदा कधी तोट्यात जात नाही.

पंजाचं माप चौरस मीटरमध्ये सांगतात. पंजाची दोन्ही टोकं एकमेकांना टेकली की आत जो पोकळ भाग उरतो, त्याचं क्षेत्रफळ ते. छोट्या ट्रेलरवर ०.१२ ते ०.२० चौरस मीटरचे पंजे असतात, मोठ्या फॉरवर्डरवर ०.३५ आणि त्याहून मोठे. ०.१६ च्या पंजात तीन मीटरचे बारीक ओंडके गच्च भरले, मधल्या फटी वजा केल्या, तर साधारण अडीचशे किलो लाकूड येतं. मोठा पंजा घेतला की एका झटक्यात जास्त माल येईल, हा मोह मोठा असतो. पण मोठा पंजा स्वतः जड, त्याची पोकळी मोठी आणि एकच बारीक ओंडका नेमका चिमटीत धरायला तो गैरसोयीचा. पंजा मिटल्यावर त्याची टोकं पूर्ण जुळतात की नाही, एकटा आठ-दहा सेंटिमीटर जाडीचा ओंडका त्यात घट्ट बसतो की नाही, हे विक्रेत्याच्या आवारातच करून बघावं.

क्रेनखाली काय आहे, हेही क्रेनइतकंच महत्त्वाचं. फॉरवर्डर स्वतःच इतका जड की त्याला टेकूची गरज पडत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रेलरवरच्या क्रेनला मात्र दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकणारे हायड्रॉलिक जॅक लागतात. सरळ खाली उतरणारे जॅक कमी जागा घेतात, बाहेर फाकणारे जास्त स्थिर असतात. जड क्रेन हलक्या ट्रेलरवर बसवली तर ती ओंडका उचलण्याआधी ट्रेलरच उचलला जातो. शिवाय क्रेन आणि जॅक मिळून टनाच्या आसपास वजन होतं, आणि तेवढा माल दर खेपेला कमी येतो. ओल्या, दलदलीच्या जमिनीवर तर प्रत्येक जादा क्विंटल चाकोरीची खोली वाढवतो.

मग तेलाचा प्रश्न. क्रेनला सहा हालचाली लागतात: फिरणं, मुख्य हात, पुढचा हात, टेलिस्कोप, रोटेटर आणि पंजा. दोन जॅक धरून आठ. एका वेळी तीन-चार हालचाली चालू असतात आणि प्रत्येकीला तेल हवं असतं. जुन्या ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला तीस-चाळीस लिटर देत असेल आणि क्रेनला साठ हवं असेल, तर चांगली क्रेनही आळशी वाटते. अशा वेळी पीटीओवर (ट्रॅक्टरच्या इंजिनाने फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर) चालणारा वेगळा पंप आणि तेलाची वेगळी टाकी घेणं हा खर्च सत्कारणी लागतो. क्रेनचा व्हॉल्व्ह ब्लॉक ट्रॅक्टरच्या पंपाशी जुळणारा आहे का, हे मेकॅनिकने कागदावर लिहून द्यावं. न जुळणाऱ्या जोडीत तेल तापतं, पॅकिंग जातात आणि दोष क्रेनला दिला जातो. उणे वीस अंशांत तेल घट्ट होतं. सकाळी पहिली दहा मिनिटं क्रेन रिकामी हळूहळू फिरवून तेल गरम करणारा चालक होज पाइपांचा खर्च वाचवतो.

होज पाइप फुटणं ही इथली सगळ्यांत नेहमीची मोडतोड. हाताच्या आतून नेलेले पाइप फांद्यांपासून वाचतात, पण बदलायला वेळ लागतो. बाहेरून नेलेले पटकन बदलता येतात, पण आधी तेच अडकून तुटतात. रोटेटरपाशी, जिथे सगळं सतत लटकतं आणि फिरतं, तिथे पाइप कसे बांधलेत ते बघून क्रेनची बनावट कळते. सांडणारं तेल जंगलात मुरतं, म्हणून लवकर विघटन होणारी तेलं वापरण्यावर तिथे भर आहे आणि त्यांच्यासाठी स्वीडनचं स्वतंत्र मानकही आहे.

या सगळ्यानंतर उरतो चालवणारा माणूस. दिवसाला हजारो हालचाली दोन छोट्या जॉयस्टिकवरून. साध्या क्रेनमध्ये प्रत्येक सांध्याचा हिशोब चालकाच्या डोक्यात असतो: पंजा सरळ रेषेत पुढे न्यायचा तर मुख्य हात किती खाली, पुढचा किती बाहेर, टेलिस्कोप कधी. ते अंगवळणी पडायला अनेक महिने जातात. २०१३ मध्ये जॉन डिअरने क्रेनच्या टोकावर नियंत्रण देणारी प्रणाली आणली. चालक फक्त पंजा कुठे जायचा ते सांगतो, सांध्यांची वाटणी संगणक करतो. मग इतर कंपन्यांनीही आपापल्या प्रणाली आणल्या. नवशिक्याला तिचा फायदा सगळ्यांत जास्त होतो. जुन्या कसबी चालकाला ती सुरुवातीला जाचक वाटते. पण मान आणि खांदे दुखणं हा या धंद्यातला जुना आजार आहे आणि कमी हालचालींत तेच काम होत असेल तर ते शरीराच्या भल्याचंच आहे. छोट्या जंगलमालकाला एवढं महागडं तंत्र परवडणार नाही. त्याने निदान ट्रेलरच्या पुढच्या टोकावर उघड्यावर उभं राहून दांडे ओढायची जुनी पद्धत तरी सोडावी. ट्रॅक्टरच्या केबिनमधून मागे वळून चालवता येणारं इलेक्ट्रिक नियंत्रण आता लहान क्रेनवरही मिळतं.

उघड्यावरचा धोका किती, ते २००५ ने दाखवलं. ८ जानेवारीच्या रात्री ‘गुडरुन’ वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवं केलं. जवळपास देशभरातल्या एका वर्षाच्या तोडीइतकं. झाडं एकमेकांवर पडून धनुष्यासारखी ताणलेली, मुळं अर्धवट उपटलेली. करवत लावताच बुंधा उसळून माणसाच्या अंगावर येत होता. वादळानंतरच्या सफाईच्या कामातही अनेक माणसं दगावली. केबिनमध्ये बसून, क्रेनने झाड धरून, ताण सोडवून काम करणं किती मोलाचं असतं हे त्या हिवाळ्याने स्मोलांडच्या घराघरांत पोचवलं. क्रेन चालू असताना तिच्या साधारण वीस मीटरच्या परिघात कोणी नसावं आणि विजेच्या तारांखाली हात वर नेऊ नये, हे दोन नियम मोडण्याइतकी घाई कुठल्याच खेपेत नसते.

सगळेच नवी क्रेन घेत नाहीत. जुनी घेताना रंगाकडे बघू नये. तो आठवड्यापूर्वी मारलेला असू शकतो. क्रेनचा हात पूर्ण लांबवून पंजा कमरेइतक्या उंचीवर आणायला सांगावा, इंजिन बंद करावं आणि टोक हाताने धरून डावी-उजवीकडे हलवावं. खांबाच्या तळाशी ‘खट्‌’ आवाज आला तर दात किंवा बेअरिंग झिजलेलं आहे आणि ती दुरुस्ती महाग आहे. मग सांध्यांच्या पिना तपासाव्यात, पण पिनेपाशी बोट ठेवून मदतनिसाला क्रेनचा हात वर-खाली हलवायला कधीही सांगू नये. पिनेच्या बाजूला खडूची रेघ मारून दुरून बघावं. रेघ सरकली की बुश गेलं. वेल्डिंगच्या कडेने गंजाची केसाएवढी रेघ दिसली तर तो तडा असतो. शेवटी ओंडका उचलून पाच मिनिटं तसाच लटकवून ठेवावा. तो हळूहळू खाली येत असेल तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळके आहेत.

तेव्हा स्मोलांडमधल्या त्या चाळीस-पन्नास हेक्टरवाल्या, सत्तर अश्वशक्तीचा ट्रॅक्टर असलेल्या शेतकऱ्याने काय घ्यावं? आठ-नऊ टनी ट्रेलर, त्यावर साडेसहा मीटरच्या आसपासची क्रेन, ०.१६ चा पंजा, बाहेर फाकणारे जॅक, पीटीओचा वेगळा पंप आणि फिरवण्यासाठी चार सिलिंडर. पैसे कमी पडत असतील तर लांबीत अर्धा मीटर कमी करावा, वळणशक्तीत कपात करू नये. त्याच्याच शेजारी वर्षाला हजारो घनमीटर लाकूड काढणाऱ्या ठेकेदाराला दहा मीटरची क्रेन लागेल आणि टोकाच्या नियंत्रणाचे जादा पैसे त्याने बिनदिक्कत मोजावेत. आणि दोघांनीही सही करण्याआधी क्रेन स्वतःच्या जंगलात, स्वतःच्या उतारावर, स्वतःच्या सगळ्यात जाड ओंडक्यावर एक दिवस चालवून बघायला मागावी.